सेलिब्रेशन की हॉरायझन वेस्ट? डिस्नीच्या शेजारी घर घ्यायचं म्हणताय तर

मागच्या महिन्यात एडिसनहून मावसबहिणीचा फोन आला, भावजींना ऑरलँडोत नोकरी मिळतेय आणि तिचा पहिलाच प्रश्न, "अगं ते डिस्नीने वसवलेलं गाव आहे ना, तिथेच घर बघतोय, कसं आहे गं?" त्यावर आमचं दीड तास बोलणं झालं आणि तरी अर्धं राहिलंच, म्हणून म्हटलं सगळं एकदा टाइप करूनच टाकावं. मी दोन वर्षं त्या गावात, म्हणजे सेलिब्रेशनमधे, भाड्याने राहिलेय आणि आता सातवं वर्ष डिस्नीच्या पश्चिमेला हॉरायझन वेस्ट या उपनगरात चाललंय, त्यामुळे दोन्हीकडचं खाल्लेलं आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. सेलिब्रेशन डिस्नीने वसवलं हे खरं, पण आता ते डिस्नी चालवत नाही. वॉल्ट डिस्नीच्या डोक्यात एपकॉट म्हणून खरोखरचं शहर बांधायचं होतं, तो १९६६ मधे गेला आणि पुढे एपकॉटचं थीम पार्क झालं. गाव वसवायची ती हौस कंपनीने नव्वदच्या दशकात सेलिब्रेशनवर भागवली, १९९६ च्या जूनमधे पहिली कुटुंबं राहायला आली आणि त्याआधी घरं कोणाला द्यायची यासाठी चक्क लॉटरी काढली होती. २००४ मधे कंपनीने गावाचा मधला बाजारपेठेचा भाग विकून टाकला. आता कारभार घरमालकांच्या असोसिएशनचा आणि डिस्ट्रिक्टचा (रस्ते, गटारं, बागा बघणारी स्थानिक संस्था), गावाला महापौर नाही कारण कागदोपत्री ते शहरच नाही, ऑसिओला काउंटीतली एक वस्ती आहे. फिलिप जॉन्सनने डिझाइन केलेला टाउन हॉल मात्र आहे, समोर खांबांचं जंगल. पोस्ट ऑफिस मायकल ग्रेव्ह्जचं, थिएटर सेझार पेलीचं, म्हणजे आर्किटेक्चर शिकणाऱ्या पोरांना दाखवायला मस्त, फक्त थिएटर २०१० मधे बंद पडलं.

हॉरायझन वेस्टची कुळकथा वेगळी आणि मला तरी जास्त आवडते. हा सगळा संत्र्यांच्या बागांचा पट्टा होता. १९८३, १९८५ आणि १९८९ अशा तीन वेळा कडाक्याची थंडी पडून बागा मेल्या, आणि आता या जमिनीचं करायचं काय म्हणून जमीनमालक आणि ऑरेंज काउंटी यांनी मिळून १९९५ च्या सुमारास 'व्हिलेज' पद्धतीचा प्लॅन केला, प्रत्येक व्हिलेजच्या मधे शाळा, आजूबाजूला घरं, मधून तळी आणि पाणथळ जागा. म्हणजे दोन्ही जागा साधारण एकाच काळातल्या, पण सेलिब्रेशन एका कंपनीने एका हाताने बांधलं आणि इथे शंभर बिल्डरांनी शंभर तुकडे बांधले. २०२० च्या जनगणनेत सेलिब्रेशनची वस्ती ११ हजारांच्या आसपास होती आणि हॉरायझन वेस्टची ५८ हजारांवर. आपण गावाची आणि उपनगराची तुलना करतोय हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

पार्क जवळ असण्याचं म्हणाल तर दोन्हीकडून सारखंच. सेलिब्रेशन डिस्नीच्या दक्षिणेला, तिथून वर्ल्ड ड्राइव्हने सरळ आत, हॉरायझन वेस्ट पश्चिमेला, तिथून ४२९ नंबरच्या रस्त्यावरून वेस्टर्न वेने आत. दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे. आणि खरं सांगू का, पहिल्या वर्षी तुम्ही पंधरा वेळा जाल, दुसऱ्या वर्षी पाच, नंतर फक्त पाहुणे आले की. फ्लोरिडाच्या रहिवाशांनाच मिळणारा 'पिक्सी डस्ट' नावाचा सगळ्यात स्वस्त वार्षिक पास आहे पण तो शनिवार-रविवारी चालत नाही, त्यामुळे नोकरी आणि शाळा सांभाळून तो वसूल करणं हे एक कामच होऊन बसतं. फरक आवाजाचा आहे. हॉरायझन वेस्टच्या बऱ्याच भागात रात्री मॅजिक किंगडमचे फटाके ऐकू येतात, काही घरांच्या वरच्या मजल्यावरून दिसतात सुद्धा, पहिला आठवडा पोरं नाचतात, नंतर कुत्रा पलंगाखाली आणि आपण टीव्हीचा आवाज वाढवतो, बस.

आता मुद्द्याचं. माझ्या मते या निर्णयात सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न असा की तुमच्या घरी भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे येऊन राहणार आहेत का, आणि किती दिवस. हे कुठल्याच रिअल्टरच्या यादीत नसतं. आमच्याकडे आई दोनदा सहा-सहा महिने राहून गेली, एकदा सेलिब्रेशनमधे, एकदा इथे, आणि ती दोन वेगळ्या देशात राहून आली असं वाटावं इतका फरक. सेलिब्रेशनमधे ती सकाळी उठून एकटी चालत तळ्यापर्यंत जायची, तिथे काठावर झुलत्या खुर्च्या मांडलेल्या असतात, त्यात बसायची, मग मार्केट स्ट्रीटवरून, म्हणजे गावाच्या मधल्या बाजारपेठेतून, चक्कर मारून परत. महिनाभरात तिच्या तीन मैत्रिणी झाल्या, एक गुजराती काकू आणि दोन गोऱ्या आज्या, भाषेचा आनंदच होता पण हातवाऱ्यांवर सगळं चालायचं. घरांना पुढे ओसरीसारखा पोर्च असतो आणि गॅरेज मागच्या बोळात, त्यामुळे रस्त्यावर माणसं दिसतात, कोणी ना कोणी हात करतं. हॉरायझन वेस्टमधे घर मोठं, तिची स्वतंत्र खोली, खाली बाथरूम, सगळं छान, पण फुटपाथने चालत गेलं तर दुसऱ्याचं घर, मग तिसऱ्याचं घर, मग गेट. हॅमलिन या इथल्याच बाजाराच्या भागात दुकानं, सिनेमा, सगळं आहे पण तिथे जायला गाडी, आणि गाडी माझ्या ऑफिसच्या पार्किंगमधे. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "इथे सोन्याचा पिंजरा आहे गं", आणि मला काय बोलावं कळेना कारण तोपर्यंत घर विकत घेऊन झालं होतं.

यात एक मेख आहे. सेलिब्रेशनच्या बऱ्याच घरांना गॅरेजच्या वर छोटं अपार्टमेंट असतं, बघताक्षणी वाटतं वा, आई-बाबांची सोय झाली. पण ते वर आहे, जिना बाहेरून आणि गुडघे साठीचे, त्यामुळे नीट विचार करा. आणि नवीन भाग, आयलंड व्हिलेज वगैरे, तो मार्केट स्ट्रीटपासून लांब आहे, तिथे घर घेतलं तर पत्ता सेलिब्रेशनचा पण चालत जायचं सुख नाही. म्हणजे जास्त पैसे ज्यासाठी मोजायचे तेच नाही मिळालं.

शाळांचं चित्र उलटं आहे. सेलिब्रेशन ऑसिओला काउंटीच्या शाळांमधे येतं, गावातच आठवीपर्यंतची शाळा आणि २००३ पासून हायस्कूल. सुरुवातीला ती शाळा फार प्रयोगशील होती, मार्क नाहीत, वेगवेगळ्या वयाची मुलं एका वर्गात, आणि पालकच भडकले, मग ते बदलत गेलं. हॉरायझन वेस्ट ऑरेंज काउंटीत, तिथे विंडरमियर हायस्कूल २०१७ मधे आणि हॉरायझन हायस्कूल २०२१ मधे सुरू झालं, आणि आपल्या लोकांची इकडे जी गर्दी आहे ती बरीचशी शाळांमुळेच. पण नवीन शाळा उघडली की झोन बदलतात. आमच्या शेजाऱ्यांनी एका शाळेसाठी घर घेतलं आणि दोन वर्षांत त्यांचा रस्ता दुसऱ्या शाळेत गेला, त्यामुळे लिस्टिंगवर लिहिलेल्या शाळेवर विसंबू नका, काउंटीच्या साइटवर पत्ता टाकून बघा आणि पुढे कुठली शाळा येऊ घातलीय तेही विचारा.

पैशाचं सांगते, इथे लोक फसतात. फ्लोरिडात राज्याचा इन्कम टॅक्स नाही म्हणून न्यू जर्सीवाले खुश होऊन येतात, बरोबर आहे, पण विकणाऱ्याचं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल बघून बजेट करू नका!! राहत्या घराला होमस्टेड, म्हणजे मालक स्वतः राहतो म्हणून मिळणारी करसवलत, लावलं की करासाठी धरलेली किंमत वर्षाला ३ टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही, त्यामुळे वीस वर्षं राहिलेल्या आजोबांचं बिल हास्यास्पद कमी असतं. घर विकलं गेलं की पुढच्या १ जानेवारीला किंमत बाजारभावावर येते आणि तुमचं बिल दुप्पट सुद्धा होऊ शकतं. शिवाय तुम्ही एच-१बी वर असाल तर होमस्टेड सहज मिळत नाही, मुलं अमेरिकन नागरिक असून त्याच घरात राहत असतील तर मार्ग निघतो, काउंटीच्या प्रॉपर्टी अप्रेझरच्या ऑफिसात जाऊनच विचारा. त्यात भर म्हणजे सीडीडी, म्हणजे त्या कम्युनिटी डेव्हलपमेंट डिस्ट्रिक्टचा आकार. रस्ते, गटारं, बागा बांधायला डिस्ट्रिक्टने बाँड काढलेले असतात, ते आपण घरमालक टॅक्सच्याच बिलातून वर्षानुवर्षं फेडतो, असोसिएशनची फी वेगळी. सेलिब्रेशनमधे हे दोन्ही आहेत, हॉरायझन वेस्टमधे प्रत्येक सबडिव्हिजनची तऱ्हा वेगळी, त्यामुळे घराचा पत्ता टाकून गेल्या नोव्हेंबरचं बिल ऑनलाइन बघा आणि त्यातली घराच्या किमतीवर अवलंबून नसलेली ओळ शोधा.

मग इन्शुरन्स. सेलिब्रेशनची जुनी घरं आता तीसच्या घरात आलीत, छत किती वर्षांचं हा पहिला प्रश्न विचारतात आणि पंधरा वर्षांच्या वर गेलं की कंपन्या तोंड वाकडं करतात. आम्ही तिथे एक घर जवळजवळ घेतलंच होतं, सुंदर निळसर पोर्च, आणि कोटेशन आलं तेव्हा नवऱ्याने कागद उलटा करून पाहिला की मागे काही विनोद लिहिलाय का. नवीन घरांना हा त्रास कमी, त्यामुळे इथे हॉरायझन वेस्टचं पारडं जड. मार्केट स्ट्रीटवरच्या दुकानांच्या वरचे कॉन्डो घेणार असाल तर आधी इतिहास वाचा, तिथल्या मालकांनी गळती आणि बुरशीवरून २०१६ मधे कोर्टात दावा लावला होता.

नियमांचं खूप जण घाबरवतात. सेलिब्रेशनला पॅटर्न बुक आहे, घरांच्या सहा शैली ठरलेल्या, रंग ठरलेले, रस्त्यावरून दिसणारे पडदे पांढरे किंवा पांढरट. मला त्याचा त्रास झाला नाही, पुण्यात सोसायटीच्या सेक्रेटरीसमोर वाढलेल्या माणसाला हे काहीच नाही. आकाशकंदील पोर्चवर लावला तर कोणी काही बोललं नाही उलट शेजारी कुठे मिळतो विचारायला आले. हॉरायझन वेस्टमधेही असोसिएशन आहेच, रंग तिथेही विचारूनच लावायचा आणि डस्टबिन संध्याकाळी रस्त्यावर राहिला की ईमेल. एक गंमत, फ्लोरिडाच्या कायद्याने कपडे वाळत घालायच्या दोरीवर असोसिएशनला बंदी घालता येत नाही, सौरऊर्जेच्या कायद्यातच ती बसवलीय, तर परसात बिनधास्त वाळवा. गणपती मात्र दोन्हीकडे घरच्या बादलीतच विसर्जन करा, तळ्यात मगरी आहेत, आणि ही मी चेष्टा करत नाहीये.

रस्ते दोन्हीकडचे वाईट, फक्त प्रकार वेगळा. सेलिब्रेशनवरून ऑरलँडो डाउनटाउनला जायचं तर आय-४ हायवे, म्हणजे टूरिस्टांच्या भाड्याच्या गाड्यांमधे तुमची सकाळ. एअरपोर्टला मात्र ४१७ नंबरच्या रस्त्याने सरळ जाता येतं. हॉरायझन वेस्टमधे ४२९ टोलचा आहे पण मोकळा असतो, त्रास टोलरोडला पोचेपर्यंतचा, कारण बागांच्या काळातले दोन लेनचे रस्ते आणि त्यावर हजारो घरं. हॉस्पिटल दोन्हीकडे आहे, आपल्या बाजूचं हॉरायझन वेस्ट हॉस्पिटल २०२१ मधे उघडलं. देसी किराणा दोन्हीकडून लांबच, ऑरेंज ब्लॉसम ट्रेल या रस्त्यावरच्या देसी दुकानांची फेरी ठरलेली, आणि कॅसलबेरीच्या देवळात जायचं तर रविवारचा अर्धा दिवस धरा.

नोकरीच्या भरवशावर येणाऱ्यांसाठी एकच आठवण. २०२१ मधे डिस्नीने कॅलिफोर्नियातल्या सुमारे २,००० नोकऱ्या इथे ऑरलँडोतल्या लेक नोना भागात आणायचं जाहीर केलं, काही लोक घरं विकून आले सुद्धा, आणि मे २०२३ मधे तो बेतच रद्द झाला. त्यामुळे ऑफर लेटर हातात येईपर्यंत घराचं टोकन देऊ नका.

बहिणीला मी काय सांगितलं? तिची मुलगी सातवीत आहे, सासूबाई मात्र दरवर्षी हिवाळ्यात येतात आणि त्यांना गाडीविना फिरता येणं हा जीव की प्राण. मी म्हटलं आधी सेलिब्रेशनमधे मार्केट स्ट्रीटच्या जवळ वर्षभर भाड्याने राहा. डिसेंबरमधे तिथे रात्री दर तासाला साबणाच्या फेसाचा बर्फ पाडतात, पार्किंग मिळत नाही, परक्या गाड्या तुमच्या दारात, ते एकदा सोसून बघा. आणि ऑगस्टमधे दुपारी चारला हॉरायझन वेस्टमधे या, रोज वळवासारखा पाऊस कोसळतो, तेव्हा कुठल्या गल्लीत पाणी साचतं ते डोळ्यांनी दिसेल. मुलगी नववीत जाईल तेव्हा हायस्कूल बघून ठरवा. घ्यायचं ठरलंच तर क्लोजिंग, म्हणजे खरेदीचा शेवटचा व्यवहार, डिसेंबर संपायच्या आत करून राहायला जा, कारण १ जानेवारीला त्या घरात राहत असाल तरच त्या वर्षाचं होमस्टेड मिळतं, आणि अर्ज १ मार्चच्या आत टाकायचा. ती म्हणाली सासूबाईंना विचारते. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचाच फोन आला, त्यांना तळ्याकाठच्या खुर्च्या किती आहेत ते हवं होतं.