पोकलेनचा हात कशावर चालवायचा: हवा, स्क्रू की सिरिंज?

ठोकळ्यांच्या पोकलेनचा सांगाडा दोन संध्याकाळी उभा राहतो, अडतं ते हातापाशी. लेगोचे हवेचे सिलिंडर घ्यायचे, स्क्रूवर चालणारे लिनिअर अ‍ॅक्च्युएटर घ्यायचे, की नागपूरच्या बर्डीतल्या औषधाच्या दुकानातून चार सिरिंज आणायच्या? हात मधेच थांबवायची गरज आहे का, हे आधी ठरवा. निम्मा निकाल तिथेच लागतो.

उमरेडच्या कोळसा खाणीतला हायड्रॉलिक पोकलेन तेलावर चालतो. तेल जवळजवळ दाबलंच जात नाही, म्हणून बकेट थांबवली तिथे थांबते. लेगोने 1984 मध्ये आणलेली न्यूमॅटिक्स मात्र हवेवर चालते आणि हवा दाबली जाते. व्हॉल्व्हचा दांडा मधे आणला की सिलिंडरच्या दोन्ही बाजूंची हवा कोंडते, तरी बकेटमध्ये मूठभर गोट्या टाका, हात स्प्रिंगसारखा खाली बसेल. सुरुवातही तशीच: घर्षण सुटेपर्यंत काहीच हलत नाही, मग हात एकदम उसळतो. उघड-मीट करणारा पंजा, टिपरचा डाला, ट्रकचे टेकू अशा या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या कामांना हवा उत्तम. व्हॉल्व्ह टिचकीने फिरवल्यावर होणारा फुस्स आवाज दुसऱ्या कशात नाही, आणि खरं सांगायचं तर बरेच जण त्या आवाजासाठीच हवा घेतात.

हवेत सगळ्यात जास्त चूक जोडणीत होते. एका व्हॉल्व्हवर टी (एका नळीच्या दोन करणारा जोड) लावून दोन वेगळी कामं जोडली, तर ज्यावर वजन कमी ते आधी हलतं, दुसरं वाट पाहतं. प्रत्येक कामाला स्वतंत्र व्हॉल्व्ह द्या. बूमच्या, म्हणजे हाताच्या मुख्य भागाच्या, दोन बाजूंचे दोन सिलिंडर एकाच बीमला (भोकांच्या पट्टीला) बांधलेले असतील, तर एक व्हॉल्व्ह पुरतो. नळी ब्लेडने सरळ कापा, कात्रीने टोक चपटं होतं. वळणावर नळी मुडपली की हवा तिथेच अडते, आणि उगाच लांब ठेवली तर पंपाचे पहिले दाब नळी भरण्यातच जातात. जुनी नळी टोकाशी सैल होऊन सुटते. शेवटचे 5 मिमी कापून पुन्हा बसवा. गळती शोधायला जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा दिसेल तिथे चोर. सिलिंडर पाण्यात बुडवू नका, दांडा धातूचा असतो. मोटरने छोटा पंप चालवायचा असेल तर क्रँकची त्रिज्या पंपाच्या स्ट्रोकच्या निम्मी हवी. जास्त झाली तर मोटर अडते किंवा जोड निसटतो.

2008 मध्ये आलेला लिनिअर अ‍ॅक्च्युएटर म्हणजे आत स्क्रू असलेली नळकांडी. मोठा 11 स्टडपासून (स्टड म्हणजे लेगोचं 8 मिमीचं माप) 16 पर्यंत लांबतो, म्हणजे 40 मिमी चाल. मोटर बंद केली की हात आहे तिथे राहतो, वजनाने मागे फिरत नाही. टोकाला पोचल्यावर आतला क्लच टकटक करतो आणि गिअर वाचतात. तोटा वेगाचा. शिवाय प्रत्येक कामापर्यंत अ‍ॅक्सल आणि गिअर न्यावे लागतात. वळणाऱ्या हातात ते बसवणं डोकेदुखी, तिथे नळी सहज वळते.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनापुरतं करायचं असेल तर सिरिंज आणि पाणी घ्या, दुसरा विचार करू नका. 5 मिलीची सिरिंज हातात, 10 मिलीची मॉडेलवर. मधे मत्स्यटाकीची हवेची नळी. छोटीतलं सगळं पाणी मोठीला अर्ध्यापर्यंतच हलवतं, पण जोर वाढतो. भरताना दोन्ही टोकं पाण्याखाली धरा. एक बुडबुडा राहिला तरी हात हवेसारखा डुलतो. 8 मिमीच्या मापात सिरिंज बसत नाही, म्हणून दोन बीममध्ये 2 स्टडची फट ठेवून 5 मिलीची केबल टायने आवळा. 10 मिलीला 3 स्टड सोडा आणि उरलेल्या जागेत रबर भरा. दट्ट्या अडखळला तर ग्लिसरीनचा एक थेंब. खोबरेल किंवा मशीनचं तेल नको, रबर फुगतं.

नागपूरच्या मे महिन्यात भरलेली हवेची टाकी फुटेल, ही भीती मात्र पोकळ आहे. 30 अंशांवरून 45 वर गेलं तरी आतला दाब जेमतेम 5 टक्के वाढतो. बिघडते ती नळी: उन्हातल्या गाडीत ठेवलेली नळी काही महिन्यांत कडक होते.

हवेचे सुटे भाग शहरातल्या खेळण्यांच्या दुकानात सहसा मिळत नाहीत, बहुतेक ऑनलाइन आणि वापरलेले येतात. सिलिंडर हातात आला की दांडा पूर्ण आत ढकला, दोन्ही तोंडं बोटांनी घट्ट बंद करा आणि दांडा थोडा बाहेर ओढून सोडा. झटकन आत गेला तर सील चांगलं. ओढला तिथेच रेंगाळला, तर परत करण्याची मुदत संपायच्या आत पाठवून द्या.