‘मला यातलं काही कळत नाही’ म्हणणाऱ्याकडून घेतलेला डबा

जुनी खेळण्यातली रेल्वे जमवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. माझे ६४० डॉलर गेले. पैशांपेक्षा ते ज्या पद्धतीने गेले ते सांगायला हवं, कारण तसाच डाव उद्या तुमच्यावरही पडू शकतो.

गेल्या वर्षी पेनसिल्व्हेनियात, आमच्या घरापासून तासाभरावर, एका गॅरेज सेलमध्ये मला एक मालडबा दिसला. लायनेल या अमेरिकन खेळण्यातल्या रेल्वेच्या कंपनीचा, ओ गेजचा, म्हणजे एकमेकांपासून सव्वा इंचावर असलेल्या रुळांवर धावणारा. नारिंगी रंग, अंगावर आडवं लांबलचक निळं पीस आणि वेस्टर्न पॅसिफिक या अमेरिकेतल्या खऱ्या रेल्वे कंपनीचं नाव. सोबत जुना खोका, पण ज्या झडपेवर मॉडेलचा नंबर छापलेला असतो नेमकी तीच फाटलेली. विकणारा साठीतला गृहस्थ. म्हणाला, ‘सासऱ्यांच्या माळ्यावर सापडलं. मला यातलं काही कळत नाही. तुम्ही फोटो काढा, शोधा काय आहे ते, आणि हवं असेल तर उद्या सकाळी या. दुपारी आणखी एकजण बघायला येणार आहे.’

किंमतही त्याने सांगितली नाही. ‘तुम्हाला योग्य वाटेल ते द्या’ म्हणाला.

त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत जागा होतो. लायनेलने १९५३ साली ६४६४ या नंबरची मालडब्यांची मालिका काढली आणि पुढे त्यात वेगवेगळ्या रेल्वे कंपन्यांचे रंग आणले. १९५४ चा वेस्टर्न पॅसिफिकचा डबा, ६४६४-१००, बहुतेक वेळा चंदेरी असतो आणि त्यावर पिवळं पीस असतं. नारिंगी अंगावर निळं पीस असलेला १०० फार थोड्यांकडे आहे. माझ्या फोटोत आकडे स्वच्छ दिसत होते: १००. छातीत धडधडायला लागलं. हे मला कळलंय आणि त्या माणसाला कळलेलं नाही, एवढंच डोक्यात होतं.

झोपण्याआधी भारतात बाबांना व्हिडिओ कॉल केला. बाबांची सगळी नोकरी मध्य रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये गेली. फोटो बघून ते म्हणाले, ‘अरे, डबा आणि खालची बोगी, म्हणजे चाकांची चौकट, एका वयाच्या वाटत नाहीत. डबा कोरा दिसतोय आणि चाकं झिजलेली.’ मी म्हटलं, बाबा, हे खेळणं आहे. ते म्हणाले, ‘असू दे. पीओएचला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या मोठ्या दुरुस्तीला, डबा आला की आम्ही तो उचलायचो, खालची बोगी काढायचो, दुसरी लावायचो. वरच्या नंबरावरून खालचं काही कळत नाही.’ माटुंग्यात आयुष्य घालवलेला माणूस मला हे सांगत होता आणि मी कॉल आटपायची घाई करत होतो.

सकाळी आठला मी त्याच्या दारात. मीच ५०० म्हटलं, त्याने थोडा विचार केल्यासारखं करून ६४० वर आणलं. रोख दिले. पावती मागितली नाही, कारण जास्त बोललो तर त्याला संशय येईल अशी मला भीती होती.

ऑक्टोबरमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कला खेळण्यातल्या रेल्वेचा मोठा मेळा भरतो, तिथे मी डबा घेऊन गेलो. एका टेबलामागच्या आजोबांनी तो हातात घेतला, उलटा केला आणि खिशातून भिंग काढलं. मला म्हणाले, आधी ‘६४६४’ बघ, मग ‘१००’ बघ. पहिल्या चार आकड्यांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या होत्या. पुढच्या तिघांच्या कडा पसरलेल्या, रंग किंचित वेगळा. डबा दिव्याखाली तिरका धरल्यावर त्या तीन आकड्यांभोवती नखाएवढा गुळगुळीत पट्टा चकाकला. तिथलं मूळ काहीतरी घासून काढलेलं होतं.

लायनेलने हाच नारिंगी डबा १९६६ साली पुन्हा काढला, नंबर ६४६४-२५०. तो सहज मिळतो आणि कितीतरी स्वस्त असतो. माझा डबा तोच. ‘२५०’ खोडून ‘१००’ उमटवले होते आणि खाली पन्नाशीच्या दशकातल्या दुसऱ्या कुठल्यातरी डब्याच्या धातूच्या बोग्या बसवल्या होत्या. बाबा बरोबर होते.

आजोबांनी मग जे दाखवलं ते प्रत्येकाने बघून ठेवावं. बोगी बदलता येते, सरकतं दार बदलता येतं, खोका वेगळा मिळतो, नंबर तर सगळ्यात सोपा. बदलता येत नाही तो साचा. ६४६४ चा साचा लायनेलने वर्षांगणिक थोडाथोडा बदलला, आणि ते बदल दाराच्या दोन्ही बाजूंच्या रिव्हेटच्या उभ्या ओळींत दिसतात: कुठे ओळ पूर्ण, कुठे मधे तुटलेली. माझ्या डब्याच्या ओळी १९५४ च्या साच्याशी जुळत नव्हत्या. अनोळखी डबा हातात आला की आधी रिव्हेट मोजा, नंबर सगळ्यात शेवटी वाचा. मी नेमकं उलटं केलं.

मी त्या घरी परत गेलो. घर भाड्याचं होतं आणि रिकामं झालं होतं. शेजारीण म्हणाली, तो दर दोन-तीन आठवड्यांनी गॅरेज सेल लावायचा. सासऱ्यांचा माळा एवढा मोठा नसतो.

तो माणूस मला काही विकायला बसलाच नव्हता. फाटलेली झडप, दिव्याकडे वळवून ठेवलेला नंबर आणि एक रात्रीची मुदत, एवढंच त्याने मांडलं. बाकीचं मी स्वतः शोधून काढलं, आणि स्वतः शोधलेल्यावर मी शंका घेतली नाही.

डबा अजून माझ्याकडे आहे. विकला नाही. त्याच्या पोटाखाली न पुसणाऱ्या शाईने लिहून ठेवलंय: ‘६४६४-२५०, नंबर बदललेला, बोग्या बदललेल्या.’ माझ्यानंतर तो कोणाच्या हातात पडेल, माहीत नाही.