क्लोरीनच्या गोळ्यांपायी ४३,१५० रुपये गेले

पन्हाळा रोडला आमचं शेतघर आहे. तिथं ४० हजार लिटरचा छोटा तलाव नातवंडांसाठी बांधून घेतलाय. आठ वर्षं मी त्यात लिक्विडच टाकत आलो, निळ्या कॅनमधलं हायपो, म्हणजे पाणी स्वच्छ ठेवणारं क्लोरीनचं द्रावण (सोडियम हायपोक्लोराइट). यंदा एप्रिलमध्ये कॅन उन्हात राहिला आणि पाणी हिरवट दिसू लागलं. उन्हानं हायपोचा जोर उतरतो, हे मला ठाऊक होतं. तरीही क्लोरीनच्या गोळ्या विकायला आलेल्या एका माणसाच्या बोलण्यात आलो.

"काका, लिक्विड १० टक्के, गोळी ९० टक्के. नऊपट फरक!" असं म्हणत त्यानं ओट्यावर दोन ग्लास मांडले. एकात लिक्विडचे दोन थेंब, दुसऱ्यात गोळीचा चुरा. मग तपासणीचं औषध घातलं. पहिला ग्लास फिकट पिवळा झाला, दुसरा गर्द नारिंगी.

ते लिक्विड त्यानं स्वतःच्या पिशवीतल्या बाटलीतून काढलं होतं. माझा कॅन चार पावलांवर होता! त्यातलं घे म्हणायला काय झालं होतं मला? बाटलीत लिक्विड होतं की नुसतं पाणी, देव जाणे. रात्री झोप लागत नाही ती त्या बाटलीमुळे.

मी डोळे झाकून पैसे दिले नाहीत, हेही सांगतो. ड्रम आल्यावर झाकण काढायला लावलं. वरची गोळी टणक होती, उग्र वासाची. ती तलावात पाच दिवस टिकली. ५० किलोचे दोन ड्रम, ३४० रुपये किलोनं ३४,०००. गोळी ठेवायचं तरंगतं भांडं १,२००, टेम्पो ८५०. एकूण ३६,०५०. त्यातले २०,००० मोबाइलवरून पाठवले, बाकी रोख दिले. "बिल केलं तर जीएसटी लागेल काका" म्हणाला, मी गप्प बसलो. बिल घ्याच, जीएसटी लागू दे.

वरचा थर संपला आणि खालच्या गोळ्या एका रात्रीत लगदा व्हायला लागल्या. २०० ग्रॅमची खरी गोळी अशी विरघळत नाही. फोन केला तर म्हणे, "पाणी जड आहे तुमचं." ते पण मी ऐकून घेतलं. नवव्या दिवशी तळ दिसेना. लेक पुण्याहून पोरांना घेऊन आली आणि पोरं काठावर बसून राहिली. १,५०० रुपये भरून गोळी तपासून घेतली, क्लोरीन २४ टक्के निघालं. पाणी उपसून चार टँकर मागवले, ५,६०० रुपये.

हिशेबही मी मागाहून केला. माझ्या तलावाला एका वेळेला साधारण १२० ग्रॅम क्लोरीन लागतं. ताजं १२ टक्क्यांचं लिक्विड एक लिटर, म्हणजे २२ रुपये. खऱ्या गोळ्या १३५ ग्रॅम, म्हणजे ४६ रुपये. टक्के बघू नका, किती रुपयांत किती क्लोरीन पडतं ते बघा. गोळीचा फायदा आहे, ती हळूहळू सुटते आणि तिच्यातलं सायन्युरिक आम्ल क्लोरीनला उन्हापासून वाचवतं. पण ते आम्ल पाण्यात साचत जातं. फार झालं की क्लोरीनचाच जोर कमी पडतो आणि पाणी उपसावं लागतं. हे त्यानं सांगितलंच नाही.

उलट म्हणाला, सुरुवातीला दोन्ही एकाच बादलीत कालवा. आमच्या गड्यानं हात धरला, "मालक, नको, वाफ येते." लिक्विड आणि गोळी एकत्र आली की विषारी वायू सुटतो. माझी नात शेजारी उभी होती. पैशापेक्षा मला त्याचा संताप आहे.

पोलीस ठाण्यात तीन हेलपाटे घातले. तुम्ही स्वतः पैसे दिलेत, हा दिवाणी मामला, असं ऐकवलं. सायबरकडे गेलो तर समोरासमोरचा व्यवहार आमचा नव्हे म्हणाले. वजनमापवाल्यांनी दुसरा ड्रम तोलला, ५० किलो भरला, वजन बरोबर म्हणून परत पाठवलं. अहो, वजनाची तक्रार कुणी केली होती? तपासणीचा कागद हातात धरून मी उभा, आणि कुणी तो वाचायलाही तयार नाही! शेवटी ग्राहक आयोगात अर्ज केलाय. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची. तुमचंही असं झालं असेल तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि पैसे पाठवल्याचा मोबाइलवरचा पुरावा जपून ठेवा.

परवा गगनबावडा रोडच्या एकानं फोन केला. दोन ड्रम घेतलेत म्हणाला, गोळ्या चांगल्या टणक आहेत. मी एवढंच म्हटलं, हातमोजा घाला आणि तळातली एक काढून बघा.