रोज वापरात राहील अशी घरची सायकल: एअर बाईक, स्पिन की मॅग्नेटिक?

व्यायामाची सायकल विकताना दुकानदार फ्लायव्हीलचे, म्हणजे फिरणाऱ्या जड चाकाचे किलो सांगतो, ऑनलाइन जाहिरात डिस्प्लेवरचे आकडे दाखवते. तीन महिन्यांनी ती सायकल चालते आहे की तिच्यावर टॉवेल वाळताहेत, हे ठरतं भलत्याच गोष्टींवर. आवाज किती येतो, सीट आपल्या मापाला बसते का आणि सकाळी अंग जड असताना पहिली दोन मिनिटं गुडघ्यांना कशी जातात. त्याच नजरेने तिन्ही प्रकार बघू.

सगळ्यांत स्वस्त ती हलत्या हँडलची एअर बाईक. पुढच्या चाकाला पंख्यासारखी पाती असतात, जितकं जोरात चालवाल तितकी हवा अडवते. हातांनाही व्यायाम होतो हे खरं, पण घरघर इतकी की टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. घरातले झोपलेले असताना पहाटे चालवायची असेल तर ही नकोच. शिवाय हलत्या हँडलच्या सांध्यातली बुशं झिजली की प्रत्येक फेऱ्याला ‘टक्‌’ ऐकू येतं.

स्पिन बाईक दिसायला दणकट आणि असतेही. पण हिचं जड चाक पॅडलशी थेट जोडलेलं असतं. पाय थांबवले तरी पॅडल फिरतच राहतात, म्हणून नवख्याने पाय झटकन काढायचा नाही. पॅडल जड-हलकं करणारा नॉब खाली दाबला की ब्रेक लागतो, हे घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. लहान मुलं असतील तर वापर संपल्यावर नॉब पूर्ण आवळून ठेवायचा, कारण मोकळं चाक आणि चिमुकली बोटं यांची गाठ पडायला वेळ लागत नाही. स्वस्त मॉडेलांत चाकावर लोकरी फेल्टचा पॅड दाबला जातो. सुरुवातीला जळक्या लोकरीसारखा वास येतो, खाली काळपट भुसा पडतो. काही महिन्यांनी पॅड गुळगुळीत होऊन किंचाळायला लागतो. तेव्हा तो काढून पॉलिशपेपरने हलका खरवडावा, सिलिकॉन तेलाचे दोन-चार थेंब पॅडवर सोडावेत. चाकावर तेल ओतू नका, टेन्शन (पॅडल जड करणारा अडथळा) धरणारच नाही.

रोजच्या सवयीसाठी आमची पसंती पट्ट्यावर चालणाऱ्या साध्या मॅग्नेटिक सायकलला. यात चुंबक चाकाजवळ येतो, पण चाकाला टेकत नाही. त्यामुळे आवाज नाही, झिजायला पॅड नाही. टेन्शनच्या बहुधा आठ पायऱ्या असतात. उणीव अशी की चुंबकाचा अडथळा वेगाबरोबर वाढतो, म्हणून सावकाश चालवलं तर आठवी पायरीही पुचाट वाटते. फ्रेम हलकी असते, उभं राहून पॅडल मारले की डुलते. बसून अर्धा तास चालवणाऱ्याला याची काही अडचण नाही. वजनमर्यादा मात्र बघून घ्या, आपल्या वजनापेक्षा २०-२५ किलो वरची असावी. घडी होणारी सायकल जागा वाचवते, पण रोज उघडायची-मिटायची म्हटलं की ती कपाटामागेच राहते. खरेदीच करायची तर उघडी ठेवायची तयारी असावी.

जोडणीत सगळ्यांत जास्त घोटाळा डाव्या पॅडलचा. त्याचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या उलट दिशेने फिरवलं की ते आवळलं जातं. पॅडलच्या दांड्यावर एल आणि आर कोरलेलं असतं, आधी ते वाचा. पहिले तीन-चार आटे बोटांनीच बसवा, सहज जात नसेल तर तिरकं बसलंय. तसंच पाना लावून रेटलं की क्रँकचे (पॅडल जिला बसतं त्या दांडीचे) आटे जातात आणि मग पूर्ण क्रँक बदलावी लागते. पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा दोन्ही पॅडल आणि क्रँकचा मधला बोल्ट पुन्हा आवळा. ढिलं पॅडल तसंच चालवत राहिलं तरी आटे खाऊन टाकतं.

हँडलचा खांब बसवताना आतली सेन्सरची वायर आणि टेन्शनची केबल आधी जोडायची, मग खांब खाली सरकवायचा, तोही वायर चिमटणार नाही असा. डिस्प्ले कोरा राहिला तर पहिला संशय सेलवर, दुसरा या वायरवर. नॉब फिरवूनही काही जड होत नसेल तर केबलच्या टोकाचा हूक खाचेत बसलेला नाही. तंत्रज्ञ जोडून देणार असेल तर तो निघण्याआधी पहिल्या आणि शेवटच्या पायरीवर चालवून बघा.

सीटच्या उंचीकडे दुकानात कोणी बघत नाही, आणि गुडघेदुखीची बहुतेक तक्रार इथूनच निघते. सीटवर सरळ बसा, पॅडल अगदी खाली न्या, त्यावर टाच टेकवा. पाय सरळ झाला पाहिजे. आता चवडा पॅडलवर ठेवला की गुडघा आपसूक थोडा वाकलेला राहतो, तीच योग्य उंची. वाटीच्या पुढच्या बाजूला दुखलं तर सीट सहसा खाली आहे, गुडघ्याच्या मागे ताण आला किंवा कंबर डावी-उजवीकडे डोलली तर वर आहे. एका वेळी एकच भोक बदला आणि दोन-तीन दिवस बघा. घरात दोघं चालवणार असतील तर आपापलं भोक रंगाच्या ठिपक्याने खूण करून ठेवा, नाहीतर रोज नव्याने अंदाज. बूड दुखणं पहिले दोन आठवडे चालतंच. त्यावर जाड जेल कव्हरापेक्षा सायकलिंगची गादीवाली चड्डी बरी, कव्हर घसरतं.

आता चालवण्याचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. म्हणजे किमान ३० मिनिटं, पाच दिवस. पण पहिल्याच दिवशी ३० मिनिटं बसू नका. पहिला आठवडा १० मिनिटं, टेन्शन दोन किंवा तीन. मग दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा आणि टेन्शनला हात लावू नका, ३० मिनिटं जमली की मग टेन्शन. दोन्ही एकदम वाढवलं की गुडघे कुरकुरतात आणि सुट्टी पडते. पहिली ३-४ मिनिटं आणि शेवटची ३ अगदी हलकी ठेवा. मधल्या वेळात बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, एवढा दम पुरे. मिनिटाला किती फेरे होतात ते कळायला १५ सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजून चारने गुणा. ६० ते ८० च्या दरम्यान ठेवा. त्याहून कमी म्हणजे टेन्शन जास्त लावलंय. एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका, नेहमीचंच करा. छातीत दुखण्याचा त्रास, न आटोक्यात येणारा रक्तदाब किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

वेळ आंघोळीच्या आधीची सोयीची, घामाचा प्रश्नच मिटतो. जागा पंख्याखाली. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पंखा नसेल तर पंधराव्या मिनिटाला माणूस उतरतो. गॅलरीत ठेवाल तर पावसाळ्यात बोल्ट गंजतील. खाली रबरी मॅट घाला, त्याने खालच्या मजल्याला धडधड जात नाही आणि फरशीही वाचते. डुगडुगत असेल तर पायाखालची गोल टोपणं फिरवून पातळी साधता येते.

डिस्प्लेवरच्या कॅलरीवर हिशोब मांडू नका. जी सायकल तुमचं वजन विचारत नाही आणि टेन्शन कुठल्या पायरीवर आहे तेही जिला कळत नाही, ती फक्त फेरे मोजून आकडा फेकते. आयएसओ २०९५७ या मानकात ‘एच’ म्हणजे घरगुती वापर आणि पुढचं ए, बी, सी हे अचूकतेचं अक्षर, त्यात सी सर्वांत खालचं. पुस्तिकेत ‘एचसी’ दिसलं की काय ते समजा. मिनिटं तेवढी खरी.

वापरलेली सायकल घ्यायची असेल तर हे बघा: क्रँक धरून आडवी हलवा, खटखट झाली तर बेअरिंग गेलंय. डावं पॅडल काढून आटे तपासा. सीटचा खांब वर ओढून आत गंज आहे का पाहा. फेल्ट असेल तर जाडी बघा. पॅड स्वस्तात मिळतो, क्रँक आणि बेअरिंगचं मात्र त्या मॉडेलचे सुटे भाग मिळतात की नाही हे आधी विचारून मगच पैसे द्या.