केबिन सॅक घेताना लिटर नंतर, आधी पाठ मोजा

दुकानात केबिन सॅक मागितली की पहिला प्रश्न येतो, ‘किती लिटरची?’ उत्तरही ठरलेलं असतं: ४०. विमानात ४० लिटरची चालते, एवढं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. चालते, हे खरंच. देशांतर्गत विमानांत केबिन बॅगेची नेहमीची मर्यादा ५५ × ३५ × २५ सेंमी आणि ७ किलो. ४० लिटरच्या बहुतेक सॅक याच चौकटीत बसवलेल्या असतात. पण ही चौकट विमानाची झाली, तुमच्या पाठीची नाही. पाच फुटी माणसाची पाठ साधारण ४० सेंमी भरते. तिच्यावर ५५ सेंमीची सॅक चढवली की उरलेले १५ सेंमी कुठे तरी जाणारच. वर गेले तर मान मागे करता येत नाही. खाली गेले तर दादरचा पूल चढताना प्रत्येक पायरीला सॅक मागून आपटते.

पाठ मोजायला शिंप्याची टेप आणि एक मदतनीस पुरतो. मान पुढे वाकवा. मानेच्या तळाशी जो मणका ठळकपणे हाताला लागतो, तिथून माप सुरू. मग दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवा, अंगठे मागे. दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ जिथे मणक्याला छेदते, तिथे माप संपतं. टेप पाठीच्या वळणाबरोबर जाऊ द्या, ताणू नका. उंचीवरून हा आकडा काढू नका. सारख्या उंचीच्या दोघांत एकाचे पाय लांब आणि दुसऱ्याची पाठ लांब, असं सर्रास असतं. कंपन्यांचे ‘एस’, ‘एम’, ‘एल’ एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून लेबलवरचं अक्षर सोडा आणि सेंटिमीटर विचारा.

दुकानात सॅकमध्ये कागदाचे बोळे कोंबलेले असतात. तशी रिकामी सॅक कुणालाही छान बसते. एक लिटरच्या पाण्याच्या सहा बाटल्या भरा, म्हणजे ६ किलो झाले. सगळे पट्टे सैल सोडून सॅक चढवा आणि आधी कंबरपट्टा लावा. त्याच्या गादीचा मध्य कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर यायला हवा. मग खांद्याचे पट्टे ओढा, छातीचा पट्टा सगळ्यात शेवटी. आता आरशात बाजूने बघा. पट्टा खांद्याला चिकटून वळला पाहिजे. खांद्यावर पट्ट्याखाली पोकळी दिसली तर सॅक तुमच्या पाठीला लांब आहे. उलट, खांदे नीट बसल्यावर कंबरपट्टा पोटावर चढत असेल तर ती आखूड आहे. अशा सॅकचं वजन हाडावर न जाता पोट दाबत राहतं. बारीक अंगाच्यांनी आणखी एक बघावं: कंबरपट्टा पूर्ण आवळल्यावर दोन्ही बाजूंच्या गाद्या पुढे एकमेकींना टेकत असतील, तर तो पट्टा कधीच घट्ट बसणार नाही. मध्ये चार-सहा बोटं अंतर उरायला हवं.

खांद्यावरून सॅकच्या वरच्या टोकाकडे जाणारे छोटे पट्टे बघून भुलू नका. सॅकचा सांगाडा खांद्यापेक्षा वर गेला असेल तरच ते वजन पाठीकडे ओढतात. केबिन सॅकमध्ये पुष्कळदा ते निव्वळ शोभेचे असतात.

ऑस्प्रे या सॅक बनवणाऱ्या कंपनीची फारपॉइंट ४० आणि तिची बायकांसाठीची जोडीदार फेअरव्ह्यू ४० या दोन सॅकची शिफारस सगळीकडे होते, आणि ती बऱ्याच अंशी रास्त आहे. सुटकेससारखी पूर्ण उघडते, पट्टे मागच्या झाकणाआड चेन लावून लपवता येतात. जुन्या आवृत्तीत लॅपटॉप पुढच्या बाजूला, पाठीपासून लांब होता, त्यामुळे वजन मागे खेचायचं. नव्या आवृत्तीत तो पाठीला लागून आणलाय आणि पट्टे वर-खाली सरकवता येतात. मात्र पट्टे सरकले तरी सॅकची लांबी तेवढीच राहते. ४५ ते ५० सेंमी पाठ असेल तर बेलाशक घ्या. पाठ ४० च्या आत असेल तर फेअरव्ह्यूसुद्धा खांद्याला नीट बसेल, पण खाली लोंबेल.

शिवाय ती रिकामीच सुमारे दीड किलोची. चार्जरसकट लॅपटॉपचे २ किलो धरले की ७ किलोंतले उरले साडेतीन. त्यात एक जीन्स आली की अर्ध्या किलोच्या वर गेले. साडेतीन किलो कपड्यांना ४० लिटर लागतच नाहीत! लहान चणीच्या माणसाने ४५-४८ सेंमी उंचीची, २६ ते ३० लिटरची, किलोभर वजनाची सॅक घेतली तर गमावण्यासारखं काही नाही. हा हिशेब दुकानात कुणी मांडत नाही.

अरुंद खांद्यांच्या माणसाने पट्टे मानेजवळून निघणारे बघावेत, नाहीतर ते सारखे घसरतात. बायकांना सरळ पट्ट्यांपेक्षा इंग्रजी ‘एस’सारखे वळलेले सोयीचे पडतात. छातीचा पट्टा वर-खाली सरकणारा हवा. गळपट्टीच्या हाडाखाली दोन-तीन बोटं ही त्याची जागा. कॉलेज सॅकला तो नसतो, पण सुटा विकत मिळतो. खांद्याचे पट्टे दुसरीकडे हलवून द्या असं मात्र बॅगवाल्याला सांगू नका. रनर आणि बकल तो झकास बदलेल, पण पाठीची गादी उसवून पुन्हा शिवली की वजनाखाली तिथेच फाटते.

मुंबईत सॅक लोकलमध्ये पुढे घ्यावी लागते, तेव्हा तशीही घालून बघा. हनुवटीला टेकत असेल किंवा पुढे घेतल्यावर स्वतःचे पाय दिसत नसतील, तर गर्दीत उतरणं अवघड. जाड कंबरपट्टा सुटा काढता आला तर उत्तम, नाहीतर त्याची बकलं शेजाऱ्याच्या बॅगेत अडकतात. ७ किलोंसाठी बारीक पट्टीही चालते, फक्त ती भार उचलत नाही, झोका थांबवते एवढंच.

पाठीच्या जाळीला इथल्या दमटपणात घामाचा वास धरतो. पाणी अडवायला कापडाला आतून दिलेला पीयू (पॉलियुरेथेन) थर तर दोन-चार पावसाळ्यांत चिकट होऊन सोलायला लागतो. सॅक कपाटात कोंबून न ठेवता उघडी टांगा, आणि धुतल्यावर उन्हात नाही, पंख्याखाली वाळवा. पुढचा खण ठासून भरला की २५ सेंमीची सॅक सहज ३० ची होते. घरी भरून झाल्यावर टेप जाडीला लावा, सपाट पडलेल्या सॅकला नव्हे.