ट्रिपहून आणलेलं बी उगवलं, आता ओळखायचं कुणाकडून?

कोकण-गोवा करून आलेल्या घरात पर्सच्या कप्प्यात चार बिया निघतातच. त्यातली एखादी पावसात सांगलीच्या गच्चीवर उगवते, आणि हे नक्की काय आहे यावर घरात पैजा लागतात. मोबाइलला विचारावं, नर्सरीत दाखवावं, की कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना गाठावं?

नर्सरीचं लगेच उरकतो. विकायची झाडं त्यांना पानावरून कळतात. रानातल्या वेलीला "शोचं असेल काहीतरी" म्हणून मोकळे होतात.

मोबाइल फुकट आणि तिथल्या तिथे. गूगल लेन्सपेक्षा मला झाडं ओळखणारं प्लांटनेट ॲप बरं वाटतं, कारण ते पानाचा, फुलाचा की फळाचा फोटो हे विचारात घेतं आणि एकच नाव न ठोकता तीन-चार शक्यता पुढे ठेवतं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर माणसंही उत्तर देतात, पण कुंडीतलं रोप तिथे लागवडीचं म्हणून नोंदवावं लागतं आणि तशी नोंद मागे पडते.

गोची आहे ती रोपाच्या वयाची. सुरुवातीची दोन पानं म्हणजे बीजदलं. त्यांवरून भलेभले चकतात. पुढची पानंही फसवतात. कोकणात रस्तोरस्ती लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ घ्या. वेटोळी शेंग, आत काळं बी, त्याला केशरी-पिवळा दोरा. रोपाला आधी आपल्या बाभळीसारखी बारीक पिसांची पानं येतात. मग देठच रुंद होत जातो, पिसं गळतात आणि कोयत्यासारखं वाकडं 'पान' उरतं. कुठल्या टप्प्यावर फोटो काढला त्यावर ॲपचं उत्तर फिरणार.

सर रोप हातात घेऊन बघतात. पानं समोरासमोर की एकाआड एक, देठ मोडला तर चीक येतो का, चुरगाळल्यावर वास कसला. फोटोत यातलं निम्मं येत नाही. सांगलीत विलिंग्डन कॉलेज 1919 पासून आहे. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आहे. पण फूल नसेल तर तेही बहुतेक कुळापाशीच थांबतील, आणि मोठ्या झाडाला फूल यायला वर्षं जातात.

घरात लहान मूल किंवा दारात शेळी नसेल तर ॲप आणि सबुरी पुरे. असेल तर थांबू नका. लाल बियांचंच बघा: काळा ठिपका असलेली ती गुंज, वेल, चावून फुटली तर तिचं विष जिवावर बेतू शकतं. अख्खी लाल चकचकीत ती रतनगुंज, झाड. हा निवाडा रोपावरून नाही, बीवरून मिनिटात होतो. म्हणून सगळ्या बिया पेरू नका. दोन राखून ठेवा, शेंगेचा आणि मूळ झाडाचा फोटो ठेवा, आणि सरांकडे जाताना रोपाबरोबर तेही न्या.