टिक्स: आधी वर्तनोपचार की गोळी?

मूल सारखं डोळे मिचकावू लागलं की आपल्या सोलापुरात आधी चष्म्याचा नंबर काढतात, मग दृष्ट. कुणी ओरडतं, त्या ताणानं टिक, म्हणजे अशी पुन्हा पुन्हा आपसूक होणारी हालचाल किंवा आवाज, आणखी वाढते. मूल हे मुद्दाम करत नसतं. शिंकेआधी नाकात होतं तशी आत एक ओढ दाटते.

वर्तनोपचार ती ओढ ओळखायला शिकवतो. मान झटकावीशी वाटली, की हनुवटी जरा खाली घेऊन मानेचे स्नायू हलके ताणून धरायचे, ओढ ओसरेपर्यंत. साधारण १० आठवड्यांत ८ सत्रं आणि घरी रोज सराव. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत हा उपचार घेतलेल्या निम्म्याहून अधिक मुलांना स्पष्ट फायदा दिसला. गावात थेरपिस्ट नसेल तर व्हिडिओ कॉलवरही हे जमतं.

गोळ्यांना सराव लागत नाही, पण क्लोनिडीननं पेंग येते, रिस्पेरिडोननं वजन वाढू शकतं. मान दुखेपर्यंत टिक्स होत असतील किंवा मूल फार लहान असेल, तर डॉक्टरांशी औषधाचं जरूर बोला. एरवी माझा कौल आधी थेरपीला. सौम्य टिक्सना कधी दोन्ही लागत नाहीत. बरीच मुलं मोठी होताना त्यातून सावरतात. तोवर शाळेत बाईंना सांगून ठेवा: वर्गात टोकू नका.